डिरेक्टरी रिकामी नाही

डिरेक्टरी रिकामी नाही, असं मशीनने पडद्यावर इंग्रजीत उमटवलं आणि चंदाला ते मराठीतच ऐकू आलं. तिचा डावा हात नकळत पोटाकडे गेला. मग तिने तो उचलून पुन्हा कीबोर्डशेजारी ठेवला, कारण काचेच्या दाराबाहेर शिपाई वारलूभाऊ स्टुलावर बसले होते आणि त्यांना सगळं दिसतं असं तिला अलीकडे वाटू लागलं होतं. तिसरा महिना होता. घरी नवऱ्याला, देवरावला, माहीत होतं, ऑफिसात कुणालाच नाही. ऑफिस म्हणजे चंद्रपुरात एका दवाखान्याच्या मागची तीन खोल्यांची बैठी इमारत. चंद्रपूर आणि गडचिरोली, दोन्ही जिल्ह्यांतल्या गावांत जाऊन माणसांच्या बोटातून रक्त घ्यायचं, ते तपासायचं आणि कुणाच्या रक्तात सिकलसेल आहे ते मशीनमध्ये घालून ठेवायचं, एवढंच तिथलं काम. घालून ठेवायचं काम चंदाचं. बाहेर मे महिन्याचं ऊन असं होतं की दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नसे, आणि ही एकच खोली गार होती. माणसांसाठी नव्हे, मशीनसाठी. पहिल्या दिवशी ती या खोलीत आली तेव्हा तिला वाटलं होतं, आपल्याला चुकून कुणा दुसऱ्याच्या वाटणीचा गारवा मिळतो आहे.

सकाळी डॉक्टर कोवेबाईंनी सांगितलं होतं की डिस्क भरत आली आहे, काम संपलेल्या गावांच्या डिरेक्टऱ्या पुसून टाक. माहिती टेपवर गेलेली होती, कप्पे नुसते पडून होते. चंदा एकेका कप्प्यात जायची, आतली नावं दाखव म्हणून एल एस टाइप करायची, पडद्यावर काही आलं नाही की बाहेर येऊन कप्पा पुसायची. राजुरा पुसलं. जिवती पुसलं. आपण राहतो ते राजुरा एका ओळीत नाहीसं झालं, याची गंमत वाटायला हवी होती, पण सकाळपासून तोंडात पित्ताची चव होती आणि तिला कशाचीच गंमत वाटत नव्हती. मग मूल. मूलमध्ये जाऊन तिने नावं मागितली. काहीच आलं नाही, नुसतं डॉलरचं चिन्ह आणि त्याच्यापुढे लुकलुकणारा हिरवा ठोकळा. बाहेर येऊन पुसायला सांगितलं, तर हे उत्तर. तिने पुन्हा आत जाऊन पाहिलं. काही नाही. पुन्हा पुसायला सांगितलं. रिकामी नाही. जे दिसत नाही ते आहे, आणि आहे म्हणून कप्पा हलायला तयार नाही.

दुसरं कुठलं गाव असतं तर तिने वारलूभाऊंना चहा सांगितला असता आणि डॉक्टरबाईंना जाऊन विचारलं असतं. पण मूल तिचं माहेर. फेब्रुवारीत मूलच्या शाळेत ऑफिसचं शिबिर होतं, तेव्हा देवराव तिला मोटरसायकलवर सोडायला आला होता. रांगेतल्या म्हाताऱ्यांशी तो चेष्टा करत उभा राहिला, आणि कुणीतरी म्हणालं, भाऊ, तुम्हीही द्या की बोट. त्याने दिलं. सुई टोचली तेव्हा मोठ्याने हाय हाय केलं आणि सगळी रांग हसली. चंदा हसली नाही. ती पलीकडच्या टेबलावर चिठ्ठ्या चिकटवत होती आणि त्या चिमुकल्या लाल थेंबाकडे बघत होती. नंतर मूलची सगळी नावं तिनेच टाइप केली. देवरावचं नाव त्यांत आलं नाही. नमुना खराब झाला असेल, नळी फुटली असेल, असं तिने स्वतःला सांगितलं आणि त्या सांगण्यावर ती तीन महिने जगली. विचारलं नाही. विचारलं की उत्तर येतं.

तिचं स्वतःचं उत्तर तिला माहीत होतं. दीड वर्षापूर्वी काम सुरू झालं तेव्हा आधी ऑफिसातल्या सगळ्यांचं रक्त घेतलं होतं. कोवेबाईंनी तिला आत बोलावून दार लोटलं आणि म्हणाल्या, "तू वाहक आहेस. एक ए, एक एस. तुला काही होत नाही, म्हातारी होईपर्यंत होणार नाही. पण नवऱ्याचंही बघून घेऊ. दोघंही वाहक असले तर प्रत्येक लेकराला चारात एक धोका असतो की त्याला दोन्हीकडून एस मिळेल. मग ते आजारी." त्यांनी कागदावर विळ्यासारखी एक वाकडी पेशी काढून दाखवली आणि अशा पेशी बारीक नसांत अडकल्या की हाडं कशी दुखतात ते सांगू लागल्या. चंदा मान हलवत राहिली. तिला ते कुणी सांगायची गरज नव्हती. हाडं कशी दुखतात ते तिने ऐकलेलं होतं. ऐकलेलं म्हणजे खरंच कानांनी. तिचा मोठा भाऊ श्रावण भिंतीकडे तोंड करून झोपायचा आणि दातांत गोधडीचं टोक धरायचा, आणि त्या गोधडीतून जो आवाज यायचा तो रडण्याचा नव्हता. तो एका सुरात, फार लांबून येणाऱ्या गिरणीसारखा होता. पहाटे थंडी वाढली की आवाज वाढायचा. आई केसरबाई चुलीतली वीट फडक्यात गुंडाळून त्याच्या गुडघ्यांना लावायची. डोळे पिवळे झाले की लोक म्हणायचे कावीळ, हातपाय सुजले की म्हणायचे वात. एकदा शेजारणीने भगताचं नाव काढलं, तर बाबा, रामाजी, जे सहसा बोलतच नसत, एवढंच म्हणाले की आम्ही ते सोडलं. छप्पन्न साली सोडलं. आई वीट बदलायला चुलीकडे वळली. चंदा सात-आठ वर्षांची असताना श्रावण गेला, आणि त्यानंतर कुणी विचारलं तर आई सांगायची, तापानं गेला. ताप सगळ्यांना समजतो. चंदाच्या लग्नाच्या बोलणीतही तेच सांगितलं गेलं, आणि ते खोटं आहे असं सांगणाऱ्यांनाही वाटत नव्हतं. बिनानावाच्या दुखण्याला जे नाव जवळ सापडलं ते दिलं होतं.

आणि खरं नाव चंदाला सापडलं ते असं, गार खोलीत, दुसऱ्याच्या तोंडून. त्या दिवशी ती राजुऱ्याला घरी गेली तेव्हा देवराव म्हणाला, चेहरा काऊन उतरला तुह्या? ती म्हणाली, गाडीत उभी होती. मग ते गाडीत उभं राहणं दीड वर्ष चाललं. रोज सकाळी एस.टी.ने चंद्रपूर, रोज संध्याकाळी परत, वर्धा नदीचा पूल, बल्लारपूरच्या कागद कारखान्याचा आंबूस वास, आणि दिवसभर दुसऱ्यांचं रक्त. ए-ए, ए-ए, ए-एस, ए-ए. मधेच एखादं एस-एस. वय सहा. वय नऊ. बोटं थांबायची नाहीत, थांबली तर चूक व्हायची. कोरचीकडच्या, जिवतीच्या डोंगरातल्या, कुठल्या कुठल्या घरांतली गोधडीत तोंड घातलेली लेकरं तिने दोन अक्षरांत घालून ठेवली आणि पुढच्या ओळीवर गेली. आपण असं करू शकतो याचं तिला कधीकधी भय वाटे. पण अक्षरं ही चांगली गोष्ट होती. अक्षरांना आवाज नसतो.

तिने कपाटातलं मशीनचं जाड पुस्तक काढलं. प्रशिक्षणाच्या वेळी नागपूरहून आलेला इंजिनियर म्हणाला होता की काही नावं यादीत येत नाहीत, ती वेगळ्या तऱ्हेने बघावी लागतात, पण ते तुम्हाला लागायचं नाही. हे म्हणताना त्याने घड्याळाकडे पाहिलं होतं, हेही तिला आठवलं. पुस्तकाची पानं कोरी करकरीत होती, एकमेकांना चिकटलेली. तिला एल एसचं पान मिळालं, आणि त्याखाली तऱ्हांची ओळच्या ओळ. ज्याच्या नावाची सुरुवात टिंबाने होते ते एरवी दाखवलं जात नाही. दाखवायचं असेल तर आडवी रेघ देऊन पुढे ए द्यायचा. एवढंच. तिने ते दोनदा वाचलं. यात कुलूप नव्हतं, पासवर्ड नव्हता. नावाआधी एक टिंब दिलं की माणसं बघत नाहीत, आणि बघायचंच असेल तर नुसतं सगळं दाखव असं म्हणायचं. श्रावणच्या बाबतीत इतक्या वर्षांत तसं कुणी म्हटलं नव्हतं.

"बाई, चाय सांगू का?" वारलूभाऊंनी दार थोडं उघडून विचारलं. बाहेरची झळ आत आली.

"नको भाऊ. मळमळून राह्यलं."

"उन्हाचं होते तसं. कांदा ठेवत जा जवळ." ते दार लावायचे थांबले. "आमच्या मंगलीचं जमलं, सांगतलं का तुमाले? गडचिरोलीकडचे पाव्हने हायेत. रविवारी साखरपुडा."

"वा! चांगलं झालं, भाऊ."

"या मंग तुम्ही दोघंही," असं म्हणून ते पुन्हा स्टुलावर जाऊन बसले.

चंदाने मूलमध्ये जाऊन एल एस टाइप केलं, जागा सोडली, आडवी रेघ, ए, आणि कळ दाबली. तीन ओळी आल्या. पहिल्या ओळीत नुसतं एक टिंब. दुसऱ्या ओळीत दोन टिंबं. तिचा श्वास सुटला. ही दोन तिला पुस्तकात आत्ताच भेटली होती, ती प्रत्येक कप्प्यात असतात, एक म्हणजे तो कप्पा स्वतः, दुसरं म्हणजे ज्याच्या पोटी तो जन्मला तो वरचा कप्पा, आणि मशीन त्यांना मोजत नाही. पण तिसऱ्या ओळीत टिंबाला लागून एक नाव होतं. रोमन अक्षरांत, पण मराठी. घरचे.

ती त्या शब्दाकडे बघत बसली. कोवेबाईंचाच शब्द. शिबिरात त्या म्हणायच्या, आधी गावचे घ्या, घरचे शेवटी. घरचे म्हणजे ऑफिसातल्यांच्या घरची माणसं, त्या शिबिरात शेवटी त्यांचंही रक्त घेतलं होतं. वारलूभाऊंची बायको आणि मंगली, ड्रायव्हरच्या, तपासनिसाच्या घरचे, आणि देवराव. म्हणजे नळी फुटली नव्हती. कॅट असं टाइप करून पुढे हे नाव दिलं की सगळं पडद्यावर येणार होतं. तिने कॅट टाइप केलं. टिंब दिलं. नाव दिलं. आता एक कळ उरली होती, सगळ्यांत मोठी, कोपऱ्यातली, जी ती रोज न बघता हजार वेळा दाबायची. तिच्या कानात रक्त धडधडू लागलं आणि तिला वाटलं, हेच ते, हेच आता अक्षरांत दिसेल. एस असेल तर काय करायचं ते तिने ठरवलं होतं का? नाही. दर महिन्याला ती ठरवायची की नाही ठरवायचं. लेकरू पोटात राहिलं तेव्हा देवरावने रस्त्याने जाणाऱ्या सायकलवाल्या पोरांनाही पेढे वाटले होते आणि ती आत न्हाणीघरात नळ सोडून उभी होती. चारात एक. श्रावणला आई चारात एक म्हणून थोडीच आठवत असेल.

बोट कळेवर होतं. तेवढ्यात तिची नजर काचेतून वारलूभाऊंच्या पाठीकडे गेली. उघडलं तर फक्त देवराव दिसणार नव्हता. मंगलीही दिसणार होती. मग रविवारी साखरपुड्याला जाऊन, मंगलीच्या हिरव्या साडीकडे बघून, तिच्या कपाळाला कुंकू लावताना तिला दोन अक्षरं दिसत राहतील. ते पुसता येणार नाही. हजारो अनोळखी घरांचं तिने चालवून घेतलं होतं, कारण ती गावं लांब होती. आता एकाएकी तिला कळेना की ती लांब कशी होती. तिने बोट उचललं आणि एकेक अक्षर मागे घेत ओळ पुसली. डॉलरचं चिन्ह उरलं. पुढे ठोकळा लुकलुकत राहिला, जसा तो काही झालं तरी लुकलुकतो.

कोवेबाई आपल्या खोलीत पंख्याखाली पदराने मान पुसत होत्या. त्या कोरचीकडच्या, गोंड, पन्नाशीच्या, आणि त्यांच्याइतकं हळू बोलणारं माणूस चंदाने पाहिलं नव्हतं.

"मूल पुसलं जात नाही, मॅडम," चंदा म्हणाली. "आत एक लपवलेली फाइल आहे."

बाईंनी मान पुसायचं थांबवलं. "अरे, हो की. ती मीच केली. विसरूनच गेले. त्या इंजिनियरनंच शिकवलं होतं मला ते टिंब." मग त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "बघितलीस?"

"नाव बघितलं. आत नाही बघितलं."

"का?"

ती म्हणाली, "माझ्या नवऱ्याचं तुम्ही सांगा, मॅडम. मी विचारून राह्यली." मॅडमशी ती शुद्ध बोलायची. ते राहिलं नाही.

पंखा फिरत होता आणि टेबलावरचे कागद दर फेरीला उठून पुन्हा बसत होते. "देवरावनं काही सांगितलं नाही तुला?"

"काय सांगायचं होतं त्यांनी?"

"चंदा," बाई म्हणाल्या, "ज्याचं रक्त त्याला सांगायचं, एवढा एकच नियम आहे माझा. तुझं मी त्याला सांगितलं का कधी? त्यानं विचारलंही होतं. नाही सांगितलं. मग त्याचं तुला कसं सांगू?" त्यांनी घड्याळ पाहिलं. "तू आज घरी जा. आताच जा. त्याला विचार. ती फाइल मी टेपवर घेऊन पुसते."

चंदाने पर्स घेतली. वारलूभाऊंनी काही विचारलं, तिने काही उत्तर दिलं. बसस्टँडवर राजुऱ्याची गाडी उभी होती आणि आतली सीट तव्यासारखी तापली होती. ती खिडकीशी बसली. आताच जा. चांगली बातमी असती तर बाईंनी आताच जा म्हटलं असतं का? चांगली बातमी थांबते, संध्याकाळपर्यंत थांबते, तिला घाई नसते. काही सांगितलं नाही का, म्हणजे सांगण्यासारखं काही आहे. आणि त्याला माहीत आहे. कधीपासून? तो माहीत असून पेढे वाटत होता? की पेढ्यांनंतर कळलं, म्हणून मागच्या महिन्यात दोन दिवस तो जेवताना बोलत नव्हता? तिला वाटलं होतं खाणीतलं काहीतरी. देवराव कोळशाच्या खाणीवर इलेक्ट्रिशियन होता आणि मोटरी जळाल्या की तो असाच गप्प व्हायचा. आता ती त्या दोन दिवसांतला एकेक घास आठवू लागली. वरण होतं. त्याने मीठ मागितलं नव्हतं. खिडकीतून वारा येत होता तो वारा नव्हता, भट्टीचं तोंड होतं. कारखान्याचा वास आला आणि गेला. पुलावर गाडी हळू झाली. खाली नदी आटून मधोमध एक धार राहिली होती आणि बायका वाळूत झिरे करून घागरी भरत होत्या. एक बाई झिऱ्यात हात घालून थांबली होती, पाणी वर यायची वाट बघत. चंदा तिच्याकडे मान वळवून बघत राहिली, पूल संपेपर्यंत. तिला स्वतःचं काही बघायचं नव्हतं.

देवराव पहिल्या पाळीवरून येऊन अंगणात कूलरच्या जाळ्या काढून बसला होता. लुंगी, उघडं अंग, हाताला गंज. "आज लवकर?" तो म्हणाला. "बरं नाई का?"

ती दारातच उभी राहिली. चप्पलही काढली नाही. "मूलले रक्त दिलं होतं ना तुम्ही. फेब्रुवारीत."

"हो. काऊन?"

"त्याचं काय निघालं?"

"काय निघनार? साफ हाय म्हने. दोन्ही ए." त्याने जाळी झटकली, जुना भुसा उडाला. "डॉक्टरबाईनं बलावलं होतं ना मले मागच्या महिन्यात. तू त्या दिवशी टेप घेऊन नागपूरले गेली होती. तुले नाई सांगतलं का मी?"

"नाई."

"सांगतलं असन."

"नाई सांगतलं. पुन्हा म्हना."

"काय?"

"जे म्हनले ते."

आता त्याने जाळी खाली ठेवली. "दोन्ही ए. साफ. बाई म्हने, बायकोले घरी गेल्या गेल्या सांगा. मी म्हटलं, सांगतो. मंग आलो तं खाणीवरून मानूस बलावाले उभा, पंपाची मोटर जळली, दोन दिवस त्याच्यातच गेले. राहून गेलं. काऊन, काय झालं?"

चंदा उंबरठ्यावर बसली. दोन्ही ए. म्हणजे एस फक्त तिच्याकडून, आणि तोही आला तर आला, एकटा आला तर काही करत नाही. लेकरू फार तर तिच्यासारखं होईल. तिच्यासारखं! एस.टी.त उभं राहणारं, बी.एस्सी. करणारं, पित्त होणारं. तिला हसू यायला लागलं, आणि हसताना डोळ्यांतून पाणी, आणि मग पोटातून उमाळे, आणि देवराव गंजलेले हात तसेच धरून तिच्यापुढे उकिडवा बसला आणि विचारत राहिला, अवं काय झालं, अवं बोल ना. राहून गेलं. तीन अक्षरं तोंडातून काढायची राहून गेली, पंपाची मोटर जळाली म्हणून. तिला त्याचा राग यायला हवा होता. राग कुठेतरी होता, पण तो फार लहान होता आणि त्याच्याभोवती इतकी मोकळी जागा झाली होती की तो सापडेना.

मग तिने सांगितलं. आधी आपलं, एक ए, एक एस, दीड वर्षापूर्वीचं. मग श्रावणचं. गोधडी, वीट, पिवळे डोळे. सांगून झालं तेव्हा देवराव उठला, बादली घेतली आणि कूलरमध्ये पाणी ओतू लागला. एक बादली. दुसरी. तिला वाटलं, आता हे म्हणतील, तापानं गेला म्हनत होते ना तुमच्याकडचे. त्याने बादली उलटी ठेवली.

"माह्यं बी तसंच निघालं असतं, तं काय केलं असतं तू?"

"माहीत नाई."

"अन् हे सारं एकटी घेऊन फिरत होती? येरझारा करत, गाडीत?" त्याचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "सांगाचं ना बाप्पा. मी काय..." तो कूलरच्या टाकीत बघत राहिला. थोड्या वेळाने म्हणाला, "तुह्या मायले माहीत हाय का? पोरगं कायनं गेलं ते?"

चंदाने मान हलवली. नाही. दीड वर्ष तिला माहीत होतं आणि मूलला ती दर दोन महिन्यांनी जात होती. पण ते सांगायचं म्हणजे स्वतःचं सांगायचं, आणि आईने डोळे वर करून विचारलं असतं, मंग तुह्यं काय, तुह्या पोराचं काय? त्या प्रश्नाला तिच्यापाशी उत्तर नव्हतं म्हणून तिने आईलाही उत्तर दिलं नव्हतं.

"मंग जाऊ ना उद्या," देवराव म्हणाला. "माही सुट्टी हाय."

त्या संध्याकाळी ती जेवली. कित्येक आठवड्यांनी तिला अन्नाचा वास अन्नासारखा आला. ज्वारीची भाकर, कांदा, हिरव्या मिरचीचा ठेचा, आणि वर परत भाकर. देवराव बघत होता. झोप अशी लागली की सकाळी कुशीवर चादरीच्या घडीची रेघ उमटली होती.

मूलला पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. तांदळाच्या गिरण्या बंद होत्या आणि गाव नेहमीपेक्षा शांत वाटत होतं. बाबा, ज्यांनी तीस वर्षं त्या गिरण्यांत पोती उचलली, आता ओसरीत खाटेवर पडून असायचे. ऐकू कमी यायचं, की ऐकायची इच्छा कमी झाली होती, हे कुणालाच सांगता येत नसे. आई सुपात मोहफुलं निवडत होती. पाणी दिलं, पोट विचारलं, देवरावला आंबा कापून दिला. मग चंदा तिच्याजवळ खाली बसली आणि म्हणाली, "माय, श्रावण तापानं नाई गेला."

आईचे हात सुपात थांबले.

"त्याच्या दुखन्याले नाव हाय. आमच्या ऑफिसात तेच तपासतेत. रक्तातलं असते ते, जन्मापासून."

आईने एक मोहफूल उचललं, त्याच्यातली काडी काढली, फूल परत ठेवलं. "रक्तातलं नाई," ती हळू म्हणाली. "मले माहीत हाय कायनं झालं ते. तो पोटात होता अन् मी धानाच्या रोवन्याले जात होती. नववा लागला तरी. पाटलाच्या बांधीत, मांड्याइतक्या पान्यात, दिवसभर वाकून. सासू म्हने नको जाऊ. मी गेली. ते पानी त्याच्या हाडात शिरलं. म्हनून तं थंडीत दुखे ना त्याले. मी वीट लावो, अन् मले दिसे, माह्यंच पानी हाय हे." हे बोलताना ती रडत नव्हती. इतकी वर्षं रोज उगाळलेली गोष्ट होती, तिचे कोपरे झिजले होते. चंदाला आठवेना की आईने हे कधी कुणाला सांगितलं असेल. कुणालाच नाही. हे तिने त्याच्या मरणानंतर रोज अंगावर घातलं होतं आणि रात्रीही काढून ठेवलं नव्हतं.

"नाई माय," चंदा म्हणाली. तिने आईचा हात सुपातून काढून आपल्या हातात घेतला. तो मोहाने चिकट झाला होता. "पान्यानं नाई होत ते. तू घरी बसून राह्यली असती तरी झालं असतं. थंडीत दुखते हे खरं, पन पानी कारन नाई. आईच्या रक्तातून अर्ध येते अन् बापाच्या रक्तातून अर्ध. ज्याच्यापाशी अर्धंच हाय त्याले काही होत नाई. तुमाले दोघायले काही झालं का? नाई ना. त्याले दोन्ही अर्ध मिळाले, म्हनून. कोनाचं काही चुकलं नव्हतं."

"अर्ध?" आई म्हणाली.

"हो."

"म्हंजे सारं माह्यं नाई?"

"नाई."

आई सुपाकडे बघत राहिली. देवरावने आंब्याची कोय हातात धरलेली होती, ती खाली ठेवायचं त्याच्या लक्षात नव्हतं.

खाटेच्या दोऱ्या करकरल्या. बाबा कोपरावर उठून बसले होते. "केसर," त्यांनी हाक मारली. चंदाने त्यांना आईला नावाने हाक मारताना कधी ऐकलं नव्हतं. "इतके वर्स सारं आपल्यावरच घेऊन बसली होती का व तू? मी समजलो माह्यानं झालं. भगताले आनू देल्लं नाई म्हनून." त्यांनी पाय खाली सोडले, हात पुढे केला, रिकामा, तळवा वर. "आन. माह्यं अर्ध दे मले."

आई उठली. पदराला हात पुसले, मग पुन्हा पुसले. ओसरीत लेक होती, जावई होता, दारातून रस्ता दिसत होता. ती जाऊन त्यांच्या शेजारी, त्याच खाटेवर बसली.